हातावरचा फोड आणि ईसीजीतला ५०८

डॉक्टर, नमस्कार.

माझे मिस्टर बिकानेरजवळ सोलरच्या साइटवर सुपरवायझर आहेत. वय ४६, वजन ६४ किलो. मी, सासूबाई आणि मुलगी कराडला असतो. दिवाळीनंतर त्यांच्या मनगटावर पुळी आली. मग कोपराखाली दोन, दंडावर एक आणि नाकाच्या बाजूला एक. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं, पण मध्ये खड्डा पडून खपली धरायची, आणि खपली निघाली की पुन्हा ओलं. साइटवरच्या डॉक्टरांनी गळू म्हणून अँटिबायोटिक दिलं, मग कुणीतरी नायट्याचं मलम दिलं. शेवटी मे महिन्यात तिथल्या मोठ्या दवाखान्यात फोडाची कड खरवडून तपासली, तेव्हा लेशमॅनिया नावाचा परजीवी निघाला. सोडियम स्टिबोग्लुकोनेटचं इंजेक्शन रोज सुरू झालं, पावणेतेरा मिली, दोन्ही कुल्ल्यांवर वाटून. वीस दिवस घ्यायचं होतं. चौदाव्या दिवशी ईसीजी काढला आणि डॉक्टर म्हणाले, बंद करा, हृदयावर परिणाम दिसतोय.

फोड बरे करायला गेलो आणि हृदय घालवून बसलो का? ह्यांना तसा काही त्रास नाही. गेल्या आठवड्यात जुलाब झाले होते तेव्हा थकवा होता, एकदा उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, एवढंच. सासूबाई म्हणतात हे फोड आपोआप जातात, बिब्बा लावा आणि गप्प बसा. धाकटे दीर औषध कंपनीत आहेत, ते म्हणतात दादाला उद्याच पुण्याला आणू आणि ॲम्फोटेरिसिन सुरू करू. उरलेली सहा इंजेक्शनं घ्यायची का? मुलीला हा रोग लागेल का? गणपतीला त्यांना घरी आणता येईल का? दोन्ही ईसीजींच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत.

– एक वाचक, कराड

ताई, तुमच्या पत्राला सदरातून उत्तर देण्याइतकी सवड नव्हती, म्हणून आधी फोन केला. आता तुमच्या परवानगीने सविस्तर लिहितो. राजस्थानात, बिहारमध्ये नोकरीला असलेले, लष्करात असलेले आपले लोक पुष्कळ आहेत, आणि हा फोड इकडच्या बहुतेक डॉक्टरांनी पुस्तकातच पाहिलेला असतो. त्यामुळे अँटिबायोटिक, मलम आणि सहा महिने असा तुमचा जो प्रवास झाला, तो फार जणांचा होतो.

हृदय घालवून बसलेला नाहीत, हे आधी सांगतो. पण 'काही नाही हो, घाबरू नका' असंही मी म्हणणार नाही. ज्या डॉक्टरांनी चौदाव्या दिवशी ईसीजी काढला आणि तो बघून सुई खाली ठेवली, त्यांचे आभार माना.

तुम्ही पाठवलेल्या झेरॉक्सवर मी पट्टी ठेवून मोजलं. ईसीजीचा कागद चौकोनी वहीसारखा असतो, त्यातला एक छोटा चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. प्रत्येक ठोक्याची एक लकेर असते: आधी उंच टोकदार सुळका, थोड्या वेळाने एक बुटकी गोल टेकडी. सुळक्याच्या पायथ्यापासून टेकडी संपेपर्यंतच्या अंतराला क्यूटी म्हणतात. कोर्स सुरू होण्याआधीच्या कागदावर हे अंतर साडेनऊ चौकोनांच्या जरा आत आहे, ३७६ मिलिसेकंद. चौदाव्या दिवशीच्या कागदावर साडेदहा चौकोन, म्हणजे ४२०. तुम्ही फोनवर विचारलंत, "एका चौकोनाचा तर फरक, एवढ्यासाठी औषध थांबवलं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. गोम अशी की पहिल्या वेळी ठोके मिनिटाला ७२ होते आणि दुसऱ्या वेळी ८८. ठोके वाढले की हे अंतर आखडायला हवं. ह्यांचं उलट लांबलं. ठोक्यांचा हिशेब धरून जो आकडा काढतात तो क्यूटीसी. तो आधी ४१२ होता, नंतर ५०८ झाला. पुरुषांत ४५० पर्यंत ठीक मानतात, ५०० च्या पुढे लाल दिवा. यंत्र हा हिशेब ज्या सूत्राने करतं ते ठोके जलद असले की आकडा थोडा फुगवतं, म्हणून मी दुसऱ्या सूत्रानेही करून पाहिलं. तेव्हा ४०० वरून ४७७ आला. म्हणजे भीती थोडी कमी झाली, पण मूळच्या आकड्यापेक्षा साठाहून जास्त वाढ झाली की ती अशीतशी सोडायची नसते, आणि इथे दोन्ही हिशेबांनी साठाच्या वरच आहे. शिवाय दुसऱ्या कागदावर छातीच्या डाव्या बाजूला लावलेल्या तारांच्या लकेरींत ती गोल टेकडी चक्क उलटी झाली आहे. अँटिमनीची, म्हणजे ह्यांच्या इंजेक्शनातल्या धातूची, ही ओळखीची खूण आहे. नुसती टेकडी सपाट झाली किंवा उलटली तर एकवेळ नजर ठेवून औषध चालू ठेवता येतं. अंतर इतकं लांबल्यावर नाही.

अंतर लांबलं म्हणजे बिघडतं काय? तुमच्याकडे विहीर आहे असं म्हणालात, म्हणून त्याच भाषेत सांगतो. मोटर चालली की विहीर उपसली जाते. मग झरे फुटून ती पुन्हा भरायला वेळ द्यावा लागतो. हृदयाच्या पेशीही प्रत्येक ठोक्याला अशाच उपसल्या जातात आणि दोन ठोक्यांच्या मध्ये भरतात. क्यूटी हा त्या उपशाचा आणि भरण्याचा मिळून वेळ. भरणं रेंगाळलं आणि अर्धवट भरलेल्या विहिरीवर कुणी अवेळी बटण दाबलं, तर मोटर कोरडी फिरते. आवाज येतो, पाणी येत नाही. हृदयाचंही तसंच होतं. ते थरथरतं, पण रक्त पुढे ढकलत नाही. काही सेकंद असं झालं तर भोवळ येते, जास्त वेळ राहिलं तर माणूस जातो. हे क्वचित होतं, पण ज्यांना होतं त्यांतल्या कित्येकांना आधी काहीच जाणवत नाही. म्हणून 'त्रास नाही' या तुमच्या वाक्यावर मी विसंबलो नाही. अडकलो ते त्याच्या पुढच्या वाक्यावर: उठताना अंधारी आली.

हे औषध जुनं आहे. अँटिमनी म्हणजे आपल्या अंजनातला धातू. (बाजारात आज सुरमा म्हणून जे मिळतं त्यात पुष्कळदा शिसं असतं, ते वेगळंच दुखणं.) शंभर वर्षांपूर्वी काळा आजार (लेशमॅनियाचाच, पण कातडीऐवजी पोटातल्या अवयवांत शिरणारा प्रकार) आसाम-बंगालमध्ये गावंच्या गावं ओस पाडत होता, तेव्हा अँटिमनीचं एक क्षार शिरेतून देत. त्याने परजीवी मरायचा आणि कधीकधी रोगीही. १९२० च्या सुमारास कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी यूरिया स्टिबामाइन बनवलं, ते त्यामानाने सोसणारं होतं, आणि त्याने अगणित लोक वाचले. तुमच्या मिस्टरांना मिळालं ते स्टिबोग्लुकोनेट म्हणजे त्याच घराण्यातलं पुढचं औषध. शरीरात गेल्यावर त्यातला थोडा अँटिमनी जास्त विखारी रूपात बदलतो. या रूपामुळे हृदयाच्या पेशीत कॅल्शियम वाजवीपेक्षा जास्त शिरतं आणि पोटॅशियम बाहेर पडायच्या वाटा कमी होतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. भरणं रेंगाळतं ते यामुळे. परिणाम डोसावर आणि दिवसांवर अवलंबून असतो. पहिल्या आठवड्यात सहसा सगळं शांत असतं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ईसीजी बोलायला लागतो. किलोमागे रोज वीस मिलिग्रॅम हा नेहमीचा डोस आहे आणि ६४ किलोला पावणेतेरा मिली त्यात अगदी चपखल बसतात. डॉक्टरांचा हिशेब कुठेही चुकलेला नाही.

मग डोस बरोबर असताना ५०८ कसा झाला? या प्रश्नासाठीच मी तुम्हाला सांगितलं होतं की ह्यांच्या खोलीतली औषधांची पिशवी पलंगावर ओता आणि फोटो पाठवायला सांगा. नुसती 'दुसरं काही घेतात का?' अशी विचारणा केली की आपले लोक 'नाही' म्हणतात. ॲसिडिटीची कॅप्सूल आणि बीपीची गोळी ही आपल्याकडे औषधांत धरतच नाहीत.

त्या फोटोत तीन गोष्टी निघाल्या. दोन वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी घेत असलेली ॲसिडिटीची कॅप्सूल, तिच्यात पँटोप्रॅझोलबरोबर डोम्पेरिडोन. बीपीची गोळी, तिच्या नावापुढे एक छोटासा 'एच'. आणि ॲझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची रिकामी स्ट्रिप, जुलाबासाठी मेडिकलवाल्याने दिलेली.

आता हे एकापुढे एक मांडून बघा. डोम्पेरिडोन पोटॅशियमच्या त्याच वाटा अडवतं. ॲझिथ्रोमायसिनही. त्या 'एच'चा अर्थ हायड्रोक्लोरोथायाझाइड, ते लघवीवाटे पोटॅशियम काढून टाकतं. पँटोप्रॅझोल वर्षानुवर्षं घेतलं तर काहींचं मॅग्नेशियम उतरतं. वर जूनमधलं बिकानेर, उन्हात साइट, आणि जुलाब. फोनवर मी सांगितल्यावर रक्त तपासलंत, पोटॅशियम आलं ३.१. ते साडेतीनच्या वर हवं, आणि असं इंजेक्शन चालू असताना तर मला चारच्या वर आवडतं. म्हणजे विहिरीचे झरे एकट्या अँटिमनीने बुजवले नव्हते, चार-पाच जणांनी मिळून बुजवले होते. यातली कुठलीच गोष्ट एकेकटी मोठी नाही. ॲसिडिटीची ती कॅप्सूल तर या सदराचे निम्मे वाचक घेत असतील, माझ्या घरातही आहे.

मी शिकाऊ असताना मुंबईतल्या एका रुग्णालयात (नाव नको) बिहारमधला एक मजूर होता. काळा आजार बरा झाल्यावर वर्षा-दोन वर्षांनी अंगावर जे पांढरे डाग आणि गाठी उठतात, तो प्रकार. त्यासाठी तेव्हा हीच इंजेक्शनं महिनोन्‌महिने चालत. पहिल्या दिवशीचा ईसीजी केसपेपरला टाचलेला होता, दुसरा कुठेच नव्हता, आणि तो काढायला सांगायला हवा हे मलाही सुचलं नव्हतं. पाचव्या आठवड्यात तो मोरीच्या दारात कोसळला. शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाने आरडाओरडा केला म्हणून आम्ही वेळेत पोचलो. तो वाचला. त्या दिवसापासून अँटिमनी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, शेवटचा ईसीजी कधीचा?

आधीच्या आणि आताच्या ईसीजीची तुलना झाली नाही तर काय होतं ते वरच कळलं. त्यामुळे कोर्सच्या आधी एक, मग दर आठवड्याला एक, आणि चाळिशीच्या पुढच्या माणसाला दुसऱ्या आठवड्यापासून जरा जास्तच. सोबत पोटॅशियम, किडनी, यकृत आणि स्वादुपिंडाचं अमायलेज किंवा लायपेज, कारण हे औषध स्वादुपिंडालाही सुजवतं. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, कुणी सारखं बेशुद्ध पडतं का, हेही आधी विचारायला हवं. काहींचं क्यूटी जन्मापासूनच लांब असतं आणि त्यांना हे इंजेक्शन द्यायचंच नसतं.

आणखी एक बारीक गोष्ट, बाटलीवरचा बॅच नंबर लिहून ठेवावा. बिहारमध्ये काळा आजाराच्या रुग्णांना नेहमीच्याच डोसात हृदयाचे गंभीर त्रास झाल्याची मालिका १९९८ मध्ये नोंदली गेली. तपासल्यावर कळलं की त्या एका लॉटमधल्या औषधाची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे द्रावणाची तीव्रता, वाजवीपेक्षा फार जास्त होती. तुमच्या बाबतीत तसं झालंय असं मी म्हणत नाही. पण एकाच आठवड्यात एकाच दवाखान्यात दोघातिघांचे ईसीजी बिघडले, तर बोट कुठे ठेवायचं ते नंबर असला तरच कळतं.

उरलेल्या सहा इंजेक्शनांचं. माझं मत, नकोत. तिथल्या डॉक्टरांशी मी बोललो, त्यांचंही तेच म्हणणं आहे. 'कोर्स अर्धवट सोडायचा नाही' हे आपण टीबीमुळे इतकं घोकलंय की सहा सुया सोडल्या तर चौदा फुकट गेल्या असं वाटतं. इथे तसं नाही. २००२ मध्ये अमेरिकी लष्करातल्या रुग्णांवर या त्वचेच्या प्रकारासाठी दहा दिवस आणि वीस दिवस अशी तुलना प्रसिद्ध झाली. अभ्यास लहान होता, चाळीसच्या आतबाहेर माणसं, पण दहा दिवसवाले मागे पडले नाहीत आणि त्यांना त्रास कमी झाला. ती सगळी मंडळी बिकानेरची नव्हती, तेव्हा त्यावरून फार मोठी उडी मारू नये, पण चौदा दिवस वाया गेलेले नाहीत एवढं नक्की. शिवाय फोड इंजेक्शन थांबल्यावरही भरत राहतात. शेवटची सुई ज्या दिवशी टोचली त्या दिवशी निकाल बघायचाच नसतो. दीड महिन्याने बघा, मग तीन महिन्यांनी. कड सपाट होत गेली, खपलीखाली नवी कातडी आली, की समजा चाललंय.

एखादा फोड हटूनच बसला तर अख्ख्या शरीरात औषध भरायची गरज नाही. तेच स्टिबोग्लुकोनेट फोडाच्या कडेत टोचता येतं, थोडंसं, काही दिवसांच्या अंतराने. रक्तात जातं ते इतकं कमी की हृदयाच्या वाटेला सहसा जात नाही. दुखतं मात्र भरपूर, हे आधीच सांगून ठेवतो. दुसरा उपाय उष्णतेचा. हा परजीवी उष्णतेला कच्चा आहे, म्हणून फोड बधिर करून त्यावर यंत्राने ५० अंश सेल्सिअसची उष्णता ३० सेकंद देतात. बिकानेरच्या सरदार पटेल वैद्यकीय महाविद्यालयातच याचा चांगला अभ्यास झालेला आहे, म्हणजे तुम्हाला पुण्या-मुंबईपेक्षा तिथेच जास्त अनुभवी हात मिळतील. नाकाजवळच्या फोडाला यातलं काय सोसेल ते प्रत्यक्ष बघून ठरवावं लागतं. मनगटाचा फोड आणि नाकाचा फोड एका मापाने मोजता येत नाहीत. पाच फोड आणि त्यातला एक चेहऱ्यावर, म्हणूनच त्यांनी अंगात इंजेक्शन द्यायचं ठरवलं असणार, आणि तो निर्णय वाजवी होता.

सासूबाईंचं म्हणणं पूर्ण चूक नाही. हे फोड बरेचदा आपले आपण बुजतात. पण त्याला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त, आणि मागे राहतो तो खोल वण. दंडावर चालेल, नाकाशेजारी नाही. बिब्बा मात्र मुळीच नको. बिब्ब्याने कातडी जळते, वर जंतू बसतात, आणि मग परजीवीची जखम कुठली अन् बिब्ब्याची कुठली ते आम्हालाही कळेनासं होतं. त्यांना म्हणावं, बिब्ब्याचा मान राखून सांगतोय.

धाकट्या दिरांना मी जरा कडक बोललो, ते मनावर घेऊ नये. ॲम्फोटेरिसिन चांगलं औषध आहे. बिहारमध्ये अर्ध्याहून जास्त रुग्णांना अँटिमनी लागू पडेनासं झालं तेव्हा यानेच हात दिला. पण साधं ॲम्फोटेरिसिन किडनीतून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम धो धो वाहू देतं. अँटिमनीने आधीच ताणलेल्या हृदयावर लगेच ते चढवलं की ठोका बिघडून माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणून दोन्हींमध्ये निदान दहा दिवसांचं अंतर ठेवायचं असतं, आणि ह्यांच्या बाबतीत तर ईसीजी पूर्वपदावर आल्याशिवाय विषयच काढू नये. लायपोसोमल म्हणून महाग मिळतं ते सौम्य आहे, पण पोटॅशियम तेही उतरवतं. 'उद्याच' हा शब्द या आजारात कुठेच लागत नाही. फोड सहा महिने होता, अजून तीन आठवडे थांबेल. मिल्टेफोसिनच्या कॅप्सूल हाही एक मार्ग आहे, हृदयाला त्यामानाने सुखाचा. उलट्या-जुलाब करतो, आणि बाईमाणसाला द्यायचा तर गर्भ राहणार नाही याची पक्की खात्री लागते. आणि कुणी 'ही बुरशीची गोळी घ्या, यालाही चालते' म्हणून केटोकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल पुढे केलं, तर लक्षात ठेवा, तीही क्यूटी लांबवणाऱ्यांच्याच पंगतीतली.

आता सध्याची स्थिती, कारण इंजेक्शन थांबल्यानंतरच्या सहाव्या दिवशीचा तुमचा कागद काल आला. डोम्पेरिडोन बंद, ॲझिथ्रोमायसिन संपलंच होतं, बीपीची गोळी 'एच' नसलेली दिली, पोटॅशियम भरून काढलं. ठोके ७५, क्यूटी ३९६, हिशेब केल्यावर ४४३. उलटी टेकडी अजून सरळ झालेली नाही, ती रेंगाळते. तिला काही आठवडे लागतील. अँटिमनीचा बराचसा भाग लघवीवाटे लवकर निघून जातो, थोडा मागे राहतो आणि सावकाश जातो. म्हणून दर आठवड्याला एक ईसीजी, टेकडी सुलटी होईपर्यंत. हृदयाच्या स्नायूला कायमची इजा झाल्यासारखं मला काही दिसत नाही. तरी मनातली धाकधूक जावी म्हणून महिन्याभराने एकदा इको करून घ्या, माझी हरकत नाही. पोटॅशियमचं सिरप आता मनाने चालू ठेवू नका, जास्तीचंही हृदयाला तितकंच वाईट. शहाळं, केळं चालेल.

तोवर ह्यांना एवढंच बजावा: धडधड, अंधारी, भोवळ यातलं काहीही झालं तर तिथल्या तिथे जमिनीवर बसायचं आणि १०८ ला फोन करायचा, साइटवरच्या डॉक्टरांची वाट बघायची नाही. आणि कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी दात काढायला गेले तरी, पहिलं वाक्य 'माझं क्यूटी लांबलं होतं' हे असू दे. चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा.

मुलीची काळजी सोडा. हा फोड स्पर्शाने, ताटवाटीने, टॉवेलने पसरत नाही, आणि बिकानेरचा हा प्रकार म्हणजे काळा आजारही नव्हे. हा फोड वाळूमाशीच्या चाव्यातून येतो. विदर्भात चंडिपुरा तापाच्या बातम्यांत जिचं नाव येतं त्याच कुळातली ही माशी. डासाच्या एक तृतीयांश, आवाज न करणारी, तिन्हीसांजेनंतर चावणारी, भिंतींच्या भेगांत आणि मातीत राहणारी. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून ती सहज आत येते, बारीक जाळीची औषध लावलेली मच्छरदाणी लागते. साइटवरच्या ज्या खोल्यांत ह्यांच्याबरोबर बाकीची पोरं झोपतात, तिथे आणखी कुणाला अशी न दुखणारी, न भरणारी पुळी आहे का ते ह्यांना बघायला सांगा. फोनवर तुम्ही म्हणालात, दोघांना आहे. त्यांनाही खरवडून तपासायला पाठवा, आणि जाताना आपापली औषधांची पिशवी घेऊन जा म्हणावं.

गणपतीला यायला हरकत नाही. पुढचे दोन ईसीजी ठीक आले तर. एकट्याने प्रवास नको, साइटवरचा कुणीतरी इकडचा सोबत घ्यावा. तिकीट काढताना खालचा बर्थ मागा, वरच्यावर चढउतार अजून काही दिवस नकोच. वाटेत पोट बिघडलं तर मीठ-साखरेचं पाणी आणि ओआरएस, स्टेशनवरची जुलाबाची गोळी नाही. ईसीजीच्या तिन्ही झेरॉक्स बॅगेत नको, शर्टाच्या खिशात. आणि मोदक किती खावेत हे विचारलं नाहीत, म्हणून सांगत नाही, पण ॲसिडिटीची ती कॅप्सूल आता मिळणार नाहीये हे त्यांच्या ताटात वाढताना लक्षात असू द्या.